व्यवसाय प्रशासनाचा अभ्यास आणि नीरेचे खोरे

‘व्यवसाय प्रशासन’ हा शब्द मराठीत विद्यापीठाच्या प्रमाणपत्रापुरताच उरला असून लोकव्यवहारात त्याच्या जागी ‘एम.बी.ए.’ ही अक्षरे रूढ झाली आहेत. अक्षरे रूढ झाली की त्यांच्यामागचा अर्थ हळूहळू पुसट होतो, म्हणून प्रस्तुत विषयाच्या आरंभी तो स्पष्ट करून घेणे युक्त ठरेल. भांडवल, माणसे, कच्चा माल, यंत्रे, बाजारपेठ आणि कायदा या सर्वांचा मेळ घालून एखादा उद्योग चालता ठेवणे म्हणजे व्यवसायाचे प्रशासन होय, आणि असा मेळ घालण्याचे कौशल्य केवळ वडिलोपार्जित किंवा उपजत नसून ते वर्गात शिकवता येते, या विश्वासावर ही पदवी उभी आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ साली या विषयाची स्वतंत्र शाळा उघडली आणि ही पदवी देण्यास प्रारंभ केला. आज ‘वालचंदनगर इंडस्ट्रीज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचा इतिहासही १९०८ सालापर्यंतच मागे जातो. तेव्हा तिचे नाव ‘मार्सलंड प्राइस’ असे होते आणि पुढे ती वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहात आली. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यात कार्यकारणभाव शोधण्याचे कारण नाही. परंतु एकीकडे व्यवसाय चालवण्याचे शिक्षण आणि दुसरीकडे नीरेच्या खोऱ्यात वालचंदनगरच्या माळावर पुढे प्रत्यक्ष चाललेला व्यवसाय, या दोन धारा एकाच वर्षी निघूनही एकमेकींना फारशा भेटलेल्या नाहीत, ही गोष्ट मात्र खेदाची आहे, आणि ती दुरुस्त होण्याजोगी आहे, हेच या व्याख्यानाचे प्रतिपाद्य आहे.

भारतात या शिक्षणाचा प्रवास स्वातंत्र्यानंतरचा आहे. जमशेदपूरची झेवियर संस्था १९४९ मध्ये, कोलकात्याची समाजकल्याण व व्यवसाय व्यवस्थापन संस्था १९५३ मध्ये आणि कोलकाता व अहमदाबाद येथील दोन भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाल्या. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली सुरू झाली, तर पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग १९७१ साली. आता बारामतीसारख्या तालुक्याच्या गावीही हे शिक्षण पोचले आहे; विद्या प्रतिष्ठान आणि अनेकान्त एज्युकेशन सोसायटी या दोन्ही संस्थांच्या छत्राखाली तेथे एम.बी.ए.चे वर्ग चालतात आणि कळंब, लासुर्णे, जंक्शन, भवानीनगर, निमगाव केतकी अशा गावांमधील मुलामुलींना पुण्यात खोली घेऊन न राहता हे शिक्षण घेता येते. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी पदव्युत्तर शिक्षणाकडे वळत आहे, त्या घराच्या दृष्टीने ही सोय लहान नव्हे.

राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेत १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवून विद्यार्थी प्रवेश मिळवतो. पुढची दोन वर्षे चार सत्रांत विभागलेली असतात. आरंभी सर्वांना समान विषय असतात, आणि नंतर विद्यार्थी विपणन, वित्त, मनुष्यबळ किंवा उत्पादन-व्यवस्था यांपैकी एक शाखा निवडतो. दोन वर्षांच्या मध्यावर, म्हणजे दुसरे सत्र संपल्यावर, सुमारे आठ आठवडे एखाद्या उद्योगात राहून प्रकल्प अहवाल लिहावयाचा असतो. या आठ आठवड्यांकडे पुढे पुन्हा यावे लागेल, कारण प्रतिपादनाचा सर्व भार अखेरीस त्यांच्यावरच येऊन पडतो.

या शिक्षणाची गाभ्याची पद्धत ‘प्रकरण-अभ्यास’ या नावाने ओळखली जाते. एखाद्या उद्योगापुढे प्रत्यक्ष उभ्या राहिलेल्या पेचाची हकीकत, आकड्यांसह आणि त्या वेळी उपलब्ध असलेल्या अपुऱ्या माहितीसह, विद्यार्थ्यांपुढे ठेवायची आणि ‘या खुर्चीत तुम्ही असता तर काय केले असते’ असे त्यांना विचारायचे, असे तिचे स्वरूप आहे. हार्वर्डमध्ये ती १९२० नंतरच्या दशकात रुजली आणि अहमदाबादच्या संस्थेने हार्वर्डच्या सहकार्याने ती भारतात आणली. तिचे सामर्थ्य निर्विवाद आहे, पण तिला एक अट आहे: पेच ओळखीच्या मातीतला असेल तरच त्यातल्या न लिहिलेल्या गोष्टी वाचणाऱ्याला दिसतात. परदेशातील विमान कंपनीचा किंवा शीतपेयांच्या स्पर्धेचा पेच बारामतीच्या वर्गात वाचला जातो, तेव्हा विद्यार्थी लिहिलेले तेवढे वाचतो. आणि व्यवसायातील निम्म्याहून अधिक गोष्टी लिहिलेल्या नसतात.

ओळखीच्या मातीतले प्रकरण म्हणून वालचंद हिराचंद यांचे नाव पुढे केले की एक आक्षेप हटकून येतो. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंदांनी महाविद्यालयीन शिक्षण अर्ध्यावर सोडले होते. पदवीवाचून त्यांनी जहाजे, विमाने, मोटारी आणि साखर असे उद्योग उभे केले, तर मग पदवीचे प्रयोजन काय, असे विचारले जाते. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटला तरी तो टिकणारा नाही. पदवीवाचून यशस्वी झालेल्यांची चरित्रे लिहिली जातात; पदवीवाचून बुडालेल्यांची लिहिली जात नाहीत, त्यामुळे हिशेबाची एकच बाजू समोर येते. शिवाय वालचंद एकटे नव्हते. बांधकामाच्या ठेक्यांमध्ये त्यांचे भागीदार असलेले लक्ष्मणराव फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते आणि रेल्वेच्या कामाची आतली रीत त्यांना ठाऊक होती. एकाचे भांडवल व धाडस आणि दुसऱ्याची माहिती यांची ती जोड होती. व्यवस्थापनाच्या पुस्तकात ‘पूरक क्षमतांची भागीदारी’ म्हणून जे शिकवले जाते ते हेच, आणि ते पुस्तकातून शिकणे हा ज्याला फाटक भेटलेले नाहीत त्याच्यासाठी खुला असलेला मार्ग आहे.

वालचंदांच्या आयुष्यातील पेच एका वर्गाला वर्षभर पुरतील एवढे आहेत. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांच्या सिंदिया जहाज कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले, आणि मुरलेल्या ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून तिला जेरीस आणले. पुढे १९२३ मध्ये किनारी वाहतुकीपुरती मर्यादा पत्करणारा करार करून तिला तग धरावा लागला. ही माघार होती की शहाणपण, यावर आजही दोन्ही बाजूंनी बोलता येईल. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना निघाला, तो युद्धकाळातच सरकारच्या ताब्यात गेला. विशाखापट्टणमच्या गोदीतून १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात उतरले, आणि ती गोदीही पुढे सरकारकडे गेली. राष्ट्राला हव्या असलेल्या गोष्टी खाजगी भांडवलाने उभ्या करायच्या आणि उभ्या राहिल्या की राष्ट्राने त्या घ्यायच्या, हा क्रम एखाद्या उद्योजकाने जोखीम म्हणून धरायचा की कर्तव्य म्हणून, हा प्रश्न कोणत्याही परदेशी पाठ्यपुस्तकात इतक्या धारदारपणे सापडणार नाही.

तथापि नीरेच्या खोऱ्याचे खरे महत्त्व एका माणसाच्या चरित्रात नसून या भूमीवर एकामागून एक आलेल्या मालकीच्या प्रकारांत आहे, आणि विस्ताराने पाहण्याजोगी गोष्ट तीच आहे.

भोरजवळच्या भाटघर धरणाचे पाणी घेऊन येणारा नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला. तो मुळात दुष्काळाविरुद्धचा उपाय होता, परंतु पाणी आले की ऊस येतो आणि ऊस आला की पाणी पुरत नाही, हा अनुभव लवकरच आला. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी याच कालव्यावर ‘ब्लॉक पद्धत’ लागू केली. गावातील ठरावीक क्षेत्राचा एक गट पाडायचा, त्याला काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची, पण त्या क्षेत्राच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यातच ऊस घेऊ द्यायचा आणि उरलेल्या भागात इतर पिकांची फेरपालट ठेवायची, असे तिचे स्वरूप होते. मर्यादित साधनाची वाटणी करताना कार्यक्षमता आणि न्याय यांचा मेळ कसा घालावा, हा अर्थशास्त्राचा मूलभूत प्रश्न आहे, आणि त्याचे एक उत्तर बारामती-इंदापूरच्या पाटावर सव्वाशे वर्षांपूर्वी प्रत्यक्ष लिहिले गेले. हेच विश्वेश्वरय्या पुढे मोटार कारखान्याची योजना घेऊन वालचंदांकडे आले आणि त्या प्रयत्नांतून १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. कालव्याचा अभियंता आणि कालव्याकाठचा कारखानदार यांचा हा संबंध विद्यार्थ्यांना सांगितला जायला हवा.

१९३२ साली सरकारने बाहेरून येणाऱ्या साखरेपासून देशी साखरेला संरक्षण देणारा कायदा केला. आयातीवर जकात बसली, देशभर साखर कारखाने निघू लागले, आणि इंदापूर तालुक्यातील कळंबच्या शिवारात वालचंदांचा कारखाना व त्याभोवती त्यांच्याच नावाचे नगर वसले. येथे मालकीचा पहिला प्रकार दिसतो: कंपनी. कारखाना तिचा, उसाचे मळे तिच्या ताब्यात, कामगारांची घरे, दवाखाना, शाळा हीही तिचीच. कच्च्या मालापासून पक्क्या मालापर्यंतची सर्व साखळी एका हाती ठेवण्याच्या या रचनेला व्यवस्थापनशास्त्रात ‘ऊर्ध्व एकात्मीकरण’ म्हणतात. हा शब्द पाठ करून उत्तरपत्रिकेत लिहिणारा विद्यार्थी वालचंदनगरच्या वसाहतीतल्या ज्या रस्त्याने रोज चालत जातो, तो रस्ताच त्या शब्दाची व्याख्या आहे.

मग १९६१ चा शेतजमीन कमाल धारणा कायदा आला. खाजगी साखर कारखान्यांकडील मर्यादेबाहेरची जमीन सरकारने घेतली आणि ती कसण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. वालचंदनगरजवळचा रत्नपुरी मळा हा त्याच महामंडळाचा. हा मालकीचा दुसरा प्रकार: राज्य. ज्यांनी पूर्वी आपल्या जमिनी कारखान्यांना खंडाने दिल्या होत्या त्या ‘खंडकरी’ शेतकऱ्यांचा, म्हणजे ठरावीक मोबदल्यावर जमीन दीर्घकाळ कसावयास देणाऱ्या मूळ मालकांचा, जमीन परत मिळवण्याचा लढा पुढची कित्येक दशके चालला. तोट्यात चालणारे महामंडळ आणि जमिनीची वाट पाहणारी खंडकऱ्यांची तिसरी पिढी हे या तालुक्यातील अनेकांनी घरात अनुभवलेले वास्तव आहे.

आणि याच काळात भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले, ज्यांमध्ये ऊस पिकवणारा शेतकरीच भागधारक असतो. कंपनीत एका शेअरला एक मत असते, तर सहकारी संस्थेत एका सभासदाला एक मत; शंभर एकरवाला आणि दीड एकरवाला वार्षिक सभेत सारखेच. मालक, पुरवठादार आणि मतदार या तीनही भूमिका एकाच माणसाकडे आल्यामुळे कारखान्याच्या कार्यकारी संचालकापुढे जो पेच उभा राहतो तो कंपनीच्या व्यवस्थापकाने कधी पाहिलेलाच नसतो: उसाला भाव जास्त द्यावा तर कारखान्याची गंगाजळी आटते, कमी द्यावा तर मालकच रागावतो, आणि पाच वर्षांनी निवडणूक असते. कंपनी, राज्य आणि सहकार हे तिन्ही प्रकार एकाच कालव्याच्या पाण्यावर, सायकलने फिरून पाहता येतील एवढ्या टापूत नांदले आहेत. संस्थारचनेच्या अभ्यासाला याहून चांगली प्रयोगशाळा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

वालचंदनगरच्या कंपनीने पुढे काय केले, हाही स्वतंत्र धडा आहे. साखरेसाठी उभी राहिलेली ही जागा अभियांत्रिकीकडे वळली. इतर साखर कारखान्यांची यंत्रे, सिमेंट कारखान्यांची यंत्रे, बॉयलर, मोठे दंतचक्र-संच, अणुऊर्जा केंद्रांची सामग्री आणि भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या प्रक्षेपकांच्या मोटारींची कवचे इंदापूर तालुक्यातील या गावात तयार होऊ लागली. ऊस गेला, पण लोखंड घडवणारे हात राहिले, आणि कंपनीने आपली खरी मालमत्ता मळा नसून ते हात आहेत असे ओळखले. कंपनीला या वळणानंतरही अनेक चढउतार सोसावे लागले, तरी त्या ओळखीचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

आता हिशेबाकडे वळले पाहिजे, कारण आकड्यांवाचून व्यवस्थापनाची चर्चा निव्वळ सुविचारांची होते. केंद्र सरकार दर हंगामासाठी उसाचा ‘रास्त व किफायतशीर दर’ ठरवते, ज्याला सर्वजण ‘एफआरपी’ म्हणतात. २०२४-२५ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये, म्हणजे टनाला ३,४०० रुपये होता. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून निघणारी साखर. त्या हिशेबाने एका टनातून १०२.५ किलो साखर मिळते. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरवण्यात आली. त्या किमतीने एका टन उसातील साखरेचे ३,१७७ रुपये ५० पैसे होतात. म्हणजे कामगारांचे पगार, कर्जाचे व्याज, दुरुस्ती, पोती यांतले काहीही धरण्यापूर्वीच साखर उसापेक्षा स्वस्त ठरते. बाजारात साखर किमान किमतीहून चढ्या भावाने विकली जाते हे खरे, परंतु तो चढ किती आणि कधी मिळेल हे कारखान्याच्या हाती नसते. चिपाडापासून वीज आणि मळीपासून इथेनॉल हे एकेकाळचे जोडधंदे आज कारखान्याच्या जीवनमरणाचा प्रश्न का झाले आहेत, ते या चार ओळींच्या गुणाकारातून कळते.

याच्या जोडीला वेळेचा हिशेब आहे, आणि तो अधिक कठीण आहे. कायद्याप्रमाणे ऊस आल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यावे लागतात. ऊस चार-पाच महिन्यांत गाळला जातो, साखर मात्र वर्षभर, सरकारने महिन्यामहिन्याला ठरवून दिलेल्या कोट्याप्रमाणे विकावी लागते. देणे आज आणि येणे वर्षभराने, यांमधली दरी कारखाना गोदामातील पोती बँकेकडे तारण ठेवून काढलेल्या कर्जाने भरतो, आणि त्या पोत्यांवर महिन्यागणिक व्याज चढत राहते. ‘खेळते भांडवल’ हा धडा शिकवण्यासाठी या गोदामाइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. विद्यार्थ्याचे वडील ‘पहिली उचल’, म्हणजे उसाच्या पैशांचा पहिला हप्ता, का थांबली असे घरी विचारतात, आणि मुलाला वर्गात ‘रोखता गुणोत्तर’ शिकवले जाते. हे दोन प्रश्न एकच आहेत हे ज्या दिवशी त्या मुलाला उमगेल त्या दिवशी त्याचे खरे शिक्षण सुरू झाले असे म्हणता येईल.

उसाच्या फडापासून गव्हाणीपर्यंतचा प्रवास हा असाच जवळून पाहण्याचा विषय आहे. गव्हाण म्हणजे कारखान्याच्या तोंडाशी असलेली, ऊस ओतण्याची जागा. तोडलेला ऊस उभ्या उसासारखा थांबत नाही. तो वाळतो, वजनात घटतो आणि त्याची साखरही कमी होत जाते. म्हणून आडसाली, पूर्वहंगामी व सुरू या लागणी आणि खोडवा यांनुसार तोडणीचा कार्यक्रम आखला जातो आणि त्यानुसार टोळ्या फडात उतरतात. फडात टोळ्या जास्त आल्या तर अड्ड्यावर गाड्यांची रांग लागते, बैल आणि माणसे रात्र काढतात आणि ऊस सुकतो. टोळ्या कमी पडल्या तर गव्हाण रिकामी पडते आणि गिरणी थांबते. रांगेचे गणित, साठ्याचे गणित, वाहतुकीचे गणित हे सर्व या एका वजनकाट्यापाशी उभे राहून शिकता येते.

आणि त्या वजनकाट्यापाशी आणखी एक मोजमाप दिसते, ज्याबद्दल मौन बाळगणे योग्य होणार नाही. बीडसारख्या जिल्ह्यांतून येणाऱ्या तोडणी कामगारांची मोजणी ‘कोयता’ या एककात होते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक जोडी. मुकादमामार्फत दिलेली आगाऊ रक्कम, जिला ‘उचल’ म्हणतात, ती त्या जोडीच्या नावावर असते. पहाटे फडात उतरणारी, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणारी आणि रात्री कोपीवर चूल पेटवणारी स्त्री या हिशेबात अर्धा कोयता म्हणून येते. तिच्या नावाची ओळ वहीत नसते. मनुष्यबळ व्यवस्थापनाची शाखा घेतलेल्या विद्यार्थ्याने ही वही न पाहताच पदवी घेतली, तर त्या शाखेच्या नावातील ‘मनुष्य’ हा शब्द त्याने वाचलाच नाही असे म्हणावे लागेल.

येथे आठ आठवड्यांच्या प्रकल्पाकडे परत येणे प्राप्त आहे. दुसरे सत्र उन्हाळ्यात संपते आणि प्रकल्पाचा काळ त्याला लागून येतो. साखर कारखान्याचा गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन साधारण मार्च-एप्रिलपर्यंत संपतो. याचा अर्थ असा की या खोऱ्यातील विद्यार्थी आपल्याच तालुक्यातील कारखान्यात प्रकल्पासाठी जातो तेव्हा गव्हाण कोरडी असते, टोळ्या गावी गेलेल्या असतात, काट्यावर गाडी नसते आणि गिरणीचे रूळ दुरुस्तीसाठी उघडलेले असतात. त्या काळातही शिकण्यासारखे पुष्कळ असते. यंत्रांची देखभाल, शिल्लक साखरेची विक्री आणि सप्टेंबरअखेर होणाऱ्या वार्षिक सभेसाठी हिशेबांची तयारी ही सर्व पाहण्याजोगी कामे आहेत. परंतु जो पेच वर सांगितला, तो त्या दिवसांत तेथे नसतो. परिणामी अहवालात ‘कंपनीची ओळख’, ‘उद्दिष्टे’, ‘प्रश्नावली’ आणि वर्तुळाकार आलेख एवढेच भरले जाते, अहवाल बांधून दिला जातो आणि कपाटात जातो. यात विद्यार्थ्याचा आळस नाही. ज्या देशात शाळा उन्हाळ्यात बंद असतात आणि कारखाने बारमाही चालतात, त्या देशाचे वेळापत्रक येथे जसेच्या तसे उचलले गेले, हे त्याचे कारण आहे.

ग्रामीण व्यवसायासाठी वेगळे शिक्षण उभारण्याचे प्रयत्न देशात झाले नाहीत असे नाही. सहकारी व्यवस्थापनासाठी पुण्यात वैकुंठ मेहता राष्ट्रीय संस्था १९६७ पासून आहे, आणि दूधसंघांना लागणारे व्यवस्थापक तयार करण्यासाठी वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये आणंदला ग्रामीण व्यवस्थापन संस्था काढली, जिच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांनी खेड्यात जाऊन राहणे हा परीक्षेइतकाच आवश्यक भाग मानला गेला. बारामतीच्या महाविद्यालयांना आणंदची नक्कल करण्याची गरज नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण खेड्यातच राहतात. गरज आहे ती त्यांनी घरी पाहिलेले वर्गात मोजले जाण्याची, आणि ते मराठीत मांडण्याची मुभा असण्याची. परीक्षा इंग्रजीत असली तरी मुकादमाशी, काटा कारकुनाशी आणि सभासदाशी बोलणे मराठीतच होते, आणि ज्या भाषेत माहिती मिळाली त्या भाषेत तिची टिपणे राहिली तरच तिच्यातील बारकावे टिकतात.

म्हणून या परिसरातील व्यवस्थापन महाविद्यालयांना आणि कारखान्यांना विनंती अशी की, तिसऱ्या सत्रातील विद्यार्थ्यांना हंगाम सुरू झाल्यावर निदान दोन आठवडे गव्हाण, काटा, गोदाम आणि टोळीच्या तळावर जाऊ द्यावे, त्यांच्याकडून एकेका पेचाची हकीकत आकड्यांसह लिहून घ्यावी आणि ती पुढच्या वर्षीच्या वर्गात शिकवावी. त्यासाठी नवी इमारत लागत नाही आणि वेगळा निधीही लागत नाही. तिसऱ्या सत्राचे वर्ग आणि कारखान्याची पहिली मोळी, दोन्ही एकाच सुमारास पडतात.